दिवाण बाईंचं दहा फुटी विमान

"हात दाखव," बाई म्हणाल्या.

नमस्कार नाही, कसा आहेस नाही, दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या एकदम हात दाखव. मी 'शुभविवाह'मधला 'वि' कापत होतो. कटर ठेवून दोन्ही तळवे पुढं केले आणि माझं वय चाळीसवरून खाली घसरत पंधरावर आलं. दिवाण बाईंनी नववीत याच हातांवर पट्टी मारली होती. विज्ञानाच्या वहीत आरशाची आकृती काढायची सोडून मी देवळाची महिरप काढून ठेवली होती, नक्षीसकट.

बाईंनी माझी बोटं आपल्या बोटांनी चाचपली. बघत मात्र होत्या दाराच्या चौकटीकडं. मला वाटलं, अजून राग गेलेला दिसत नाही.

"घट्टे आहेत. म्हणजे काम सोडलेलं नाहीस."

"थर्माकोल सुटलं की बाई. यंदा बंदी आली न्हवं का. वीस वर्सं मखरं केली, आता लग्नाची आन् वाढदिवसाची अक्षरं कापत बसलोय."

"मला विमान करायचंय. फोमबोर्डचं. पाण्यावरनं उडणारं, पाण्यावरच उतरणारं. पंख दहा फुटी."

मी हसलो नाही. एक तर दिवाण बाईंसमोर हसायची माझी छाती नव्हती. दुसरं म्हणजे अख्ख्या राजारामपुरीला ठाऊक होतं की रिटायर झाल्यापासून ही बाई रिमोटची विमानं बनवून उडवते. लोक त्यांना विमानवाल्या बाई म्हणत. त्यांच्या हॉलच्या छताला चाळीसेक विमानं टांगलेली होती, पण त्यातलं सगळ्यात मोठं माझ्या हातभर असेल.

"एवढं मोठं कशाला, बाई?"

"कारण मला तुझं तोंड दिसत नाही."

मी तोंड थोडं पुढं नेलं.

"तुझे कान दिसतात. मधे नुसता डाग आहे. डोळ्याचं मधलं गेलंय, कडेचं शिल्लक आहे. तुला बघायचं तर मला चौकटीकडं बघावं लागतं. लहान विमानं आता आकाशात हरवतात रे. दहा फुटी असेल, पिवळंधमक असेल, तर कडेनं दिसेल. उन्हाळ्यानंतर कडेचाही भरवसा नाही म्हणाले डॉक्टर." बाईंनी हे सगळं हजेरी घ्यावी तसं सांगितलं. "माझी सगळी विमानं जमिनीवरनं उडाली. पाण्यातनं उठणारं एकदा बघायचंय. दिसतंय तोवर."

मी 'वि' बाजूला सारला.

"एक अट आहे," बाई म्हणाल्या. "माझं चुकतंय असं वाटलं तर तोंडावर सांगायचं. परस्पर सुधारायचं नाही. भाची येते घरी. मी चहात मीठ घातलं तर गुपचूप ओतून नवा करते. मला मागाहून कळतं. डोळे गेले तर गेले, त्याचं मी बघीन. पण मला न सांगता माझं सुधारायला लागले की माझी गणतीच संपली. कळलं?"

"व्हय बाई," मी म्हणालो. नववीत म्हणायचो तसंच, आणि तितकंच मनावर घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी दुकान शालनवर, म्हणजे बायकोवर, सोपवून बाईंच्या घरी जाऊ लागलो. फोमबोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मधे दाबलेला फोम. वजनाला काही नाही, पण ओला झाला की कागद फुगतो. म्हणून प्रत्येक तुकड्याला वरनं चिकटपट्टी. बाई जमिनीवर खाकी कागद पसरून, बाजूच्या भिंतीकडं तोंड करून, जाड मार्करनं खऱ्या मापात आकृती काढायच्या. पट्टी धरायची, बोटानं कड चाचपायची, मग रेघ. मी त्या रेघेवर कापायचो. अशी महिनाभरात एक एक फासळी, एक एक पट्टी जमत गेली.

आमच्या मखराच्या धंद्यात एकच बाजू खरी. समोरून देव्हारा झगमगला पाहिजे, मागं काड्या, चिकटपट्ट्या, रद्दी, काय वाटेल ते असू दे. मागं कोण जातंय बघायला? पहिला पंख मी त्याच हिशोबानं केला. वरून आरशासारखा, खालून डिंकाचे ओघळ. बाईंनी खालून हात फिरवला.

"हे काय?"

"ती मागची बाजू हाय, बाई."

"विमानाला मागची बाजू नसते, महिपती. वारा सगळीकडनं बघतो."

पंख परत केला. मग मात्र मला ईर्षा चढली. खालचं फिनिशिंग वरच्यापेक्षा सरस होऊ लागलं. पोकळ धड साडेसहा फुटांचं, होडीसारखं. पंखावर दोन मोटरी, पंखाच्या टोकांना तोल सांभाळायला दोन इवल्या होड्या. डिसेंबरात आम्ही सगळं एकदा जोडून बघितलं, तर हॉलमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. बाई आत अडकल्या, मी बाहेर. विमानाच्या खालून रांगत गेलो तेव्हा वर तो पंख असा पसरला होता की मला काही सुचेना. मी आयुष्यात मोठमोठी मखरं केली, दहा फुटी महाल केले, पण ते बसून राहायला केले होते. हे जायला निघालं होतं. कागदाचं, डिंकाचं, माझ्याच हातचं, आणि तरी मला त्याची भीती वाटली.

आता त्या चुकीकडं येतो. सहा वर्षं झाली, तरी इथं आलो की जीभ अडखळते.

धडाच्या आकृतीत बुडाची रेघ नाकापासून छान वळण घेत मागं येत होती. अगदी मधोमध आली आणि एकदम दोन बोटं वर उडाली. तिथं एक खाच पडली होती, जिन्याच्या पायरीसारखी. मग पुढं पुन्हा नीट शेपटीपर्यंत. मी ते बघितलं आणि बाईंकडं बघितलं. त्या खिडकीपाशी मोटरीची तार एका बारीक भोकातून ओवत होत्या. एकदा चुकलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी तार ओठात धरून ओली केली, सुईदोरा ओवतात तशी, आणि भोक सोडून शेजारीच टोचली.

माझा जीव तुटला. पट्टी सरकली असणार, मी मनात म्हणालो. एवढी नामी रेघ काढत आल्या बिचाऱ्या आणि मधे पट्टी सरकली.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तुकडे आकृतीप्रमाणे कापले, धड जोडलं, बाईंनी त्यावर हात फिरवला आणि मान डोलावली. मग डिसेंबरातल्या त्या जोडणीनंतर पिवळा रंग द्यायला मी ते दुकानात आणलं. रंगाआधी त्या पायरीमागं उरल्यासुरल्या थर्माकोलची एक पाचर बसवली, घासली, पुट्टी भरली, वरून चिकटपट्टी मारली. बूड नाकापासून शेपटीपर्यंत असं सलग झालं, की बोट ठेवलं तर घसरत जावं. वीस वर्षांच्या धंद्यात तसलं फिनिशिंग मी केलं नव्हतं.

शालन चहा घेऊन आली. "बाईंस्नी इचारलंस?"

"कशाला इचारायचं? वाईट वाटंल त्येंला."

"आन् अट घातलीती म्हणालास?"

"तू चा दे," मी म्हणालो.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही तुळशी धरणाच्या पाण्यावर गेलो. परवानगीचं पत्र बाईंनी स्वतः खेटे घालून आणलं होतं. रंगवलेलं धड दुकानातनं थेट टेम्पोत चढलं होतं, बाईंचा हात त्यावर पुन्हा फिरलाच नव्हता. टेम्पोत मागं मी विमानाला कवटाळून बसलो होतो, पुढं बाई. सुट्टा पंख ताडपत्रीत गुंडाळलेला. पाणी डोंगरापर्यंत पसरलेलं, एक सुरकुती नाही. काठाला केरबा भोई त्याच्या तराफ्यावर जाळं आवरत होता. विमान पाण्यात अडकलं तर ओढून आणायला त्याला सांगून ठेवलं होतं. त्याचा तराफा म्हणजे पोत्यात शिवलेलं जुनं थर्माकोल.

"कुणाच्या तर मखराचं हाय," केरबा म्हणाला. "नदीला सापडलं. बुडत न्हाई बगा, मरतबी न्हाई."

माझं असायची शक्यता होती. मी केलेलं सगळं शेवटी पाण्याकाठीच जाऊन पडायचं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी कधी घाटावर जात नसे.

पंख जोडला, बॅटऱ्या बसवल्या. बॅटऱ्यांचे दोन जोड आणले होते. केरबानं गुडघाभर पाण्यात जाऊन विमान सोडलं आणि ते तरंगलं. नुसतं तरंगलं तरी केरबाच्या तोंडून "आई गं" निघालं. पिवळं विमान आणि पाण्यात त्याच्या खाली उलटं दुसरं पिवळं विमान.

बाईंनी रिमोट गळ्यात अडकवला आणि तोंड डोंगराकडं फिरवलं. दोन्ही मोटरी घोंघावल्या. विमान निघालं, नाक वर झालं, दोन्ही अंगांना पाण्याचे पांढरे पडदे उभे राहिले. धावतंय, धावतंय. आता उठेल, आता उठेल. नाही उठलं. पाणी कापत लांबपर्यंत गेलं आणि दमून बसलं. बाईंनी वळवून आणलं, पुन्हा धाववलं. तेच. तिसऱ्यांदा वेग आणखी वाढला, पण पाण्यानं पाय धरल्यासारखं ते खालीच राहिलं. मग मोटरींचा आवाज बसत गेला. बॅटरी संपली.

केरबा विमान ओढून आणायला गेला. बाई एका दगडावर बसल्या.

"कोन चुकला," त्या म्हणाल्या. "पंखाचा कोन मी चुकीचा मोजला. किंवा वजनाची बेरीज. आकडे नीट दिसतात असं मला वाटतं, पण दिसत नसणार." थोडा वेळ त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून बघितले, म्हणजे हातांच्या शेजारी बघितलं. "भाचीचं बरोबर आहे. आता माझ्यावर कशाचा भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. भर टेम्पोत, महिपती."

"दुसरा जोड हाय की, बाई."

"गणितच चुकलं तर जोड काय करेल? भर."

काठाला केरबानं विमान आडवं करून पाणी झाडलं आणि बुडावर तळवा फिरवला. "झक्कास केलंयस गा," तो मला हळूच म्हणाला. "पर बूड लईच सपाट झालं. ओल्या फरशीवर परात ठेवली की कशी चिकटती? वडून निघत न्हाई. तसं पाणी धरालंय ह्येला. कुटंतरी वारं शिरायला जागा पायजे का नको?"

परात चिकटते ती मी रोज घरात बघत होतो. एका क्षणात सगळं कळलं. ती पायरी. ती सरकलेली पट्टी नव्हती. बाईंनी जाणूनबुजून, मोजून मापून काढलेली पायरी होती आणि तिच्यावर मी माझ्या दयेची पुट्टी भरली होती.

बाईंना हे ऐकू गेलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. विमान टेम्पोत गेलं असतं, बाई घरी गेल्या असत्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला आंधळी आणि खुळी ठरवून टाकलं असतं. चहातलं मीठ भाचीनं बदललं असतं आणि बाई काही बोलल्या नसत्या. हे सगळं मला दगडावर बसलेल्या त्यांच्या पाठीत दिसत होतं. आणि तरी, खोटं कशाला सांगू, चारपाच श्वास मी गप्पच उभा होतो.

"बाई," मी म्हणालो. "तुमचं गणित बरोबर हाय."

"उगीच समजूत काढू नकोस."

"समजूत न्हाई. बुडाला पायरी हुती न्हवं? ती म्या बुजवली. तुमची पट्टी सरकली वाटलं मला."

तराफ्याखाली पाणी चुबुकचुबुक करत होतं.

"पट्टी सरकली," त्यांनी म्हणून बघितलं. "विचारलं का नाहीस?"

"तुमास्नी वाईट वाटंल म्हणून."

"आणि आत्ता दगडावर बसून मी काय केलं? नाचले?"

नववीतली पट्टी परवडली असती. बाई उठल्या, चाचपत विमानापाशी आल्या, उलट्या केलेल्या बुडावर त्यांनी तळहात टेकला आणि नाकाकडून शेपटीकडं नेला. हात कुठंही न अडखळता घसरत गेला. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि बसायलाच हवी होती.

"चार दिवस घातले होते मी त्या पायरीला," त्या म्हणाल्या. "पायरीवर पाणी तुटतं. मागं हवा शिरते. तेव्हा कुठं पाणी सोडतं विमानाला. गाढवा, तेवढी एक जागा होती जिच्यासाठी मी हे सगळं केलं." पदरानं डोळे पुसून त्यांनी हात पुढं केला. "कटर?"

"खिशात हाय."

"मग बघतोस काय?"

मी विमानाशेजारी गुडघे टेकले. बाईंनी बोटानं मोजत मोजत एक जागा धरली आणि तिथं करंगळीची कड आडवी ठेवली. "माझ्या बोटाच्या मागनं काप."

"बोट कापंल, बाई."

"कापलं तर तोंडावर सांग."

त्यांच्या करंगळीमागं केसभर जागा सोडून मी पातं चालवलं. पट्टी सुटली, पुट्टी तडकली, पाचर सरकून बाहेर आली. भुगा मी टोपीत गोळा केला. एक दाणाही पाण्यात पडू दिला नाही. खालून बाईंची पायरी निघाली, जशी होती तशी. सवयीनं मी तिची कड बोटानं गोल करायला गेलो, तर माझ्या मनगटावर चापट बसली.

"धारदारच राहू दे. तुझं फिनिशिंग नको तिथं."

नवी चिकटपट्टी मारली, दुसरा जोड बसवला. केरबानं विमान पुन्हा पाण्यात नेलं. बाईंनी तोंड डोंगराकडं केलं.

विमान धावलं. पुन्हा ते पांढरे पडदे, पुन्हा तो आवाज, बुडावर पाणी थपाथप आपटत असल्याचा. आवाज जलद झाला, आणखी जलद झाला, एकसलग झाला, आणि थांबला.

मोटरी चालूच होत्या. फक्त पाण्याचा आवाज थांबला.

"सुटलं," बाई म्हणाल्या. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी.

विमान पाण्याच्या वर होतं. हातभर, मग माणसाएवढं, मग झाडाएवढं. बुडातून थेंब गळत होते आणि सकाळच्या उन्हात ते लखलखत होते. खाली त्याची सावली पाण्यावरून धावत होती. दहा फूट कागद आणि डिंक, माझ्या कटरनं कापलेला, डोंगरासमोरून असा चालला होता की जणू त्याचा जन्मच तिथला. माझं केलेलं सगळं आजवर पाण्याशी जाऊन संपलं होतं. हे पाण्यातून उठलं. मला रडू येत होतं, त्याची लाज वाटली नाही. केरबानं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हात जोडले होते.

बाईंनी मात्र विमानाकडं पाठ फिरवावी तशी मान वळवली होती. एकटक बाजूच्या झाडीकडं बघत होत्या, कारण तसं बघितलं तरच ते त्यांना दिसत होतं. गालावरून पाणी ओघळत होतं आणि दोन्ही अंगठे रिमोटवर हलके हलके चालत होते.

"दिसतंय, महिपती. पिवळं दिसतंय." मग थोड्या वेळानं, "सरळ चाललंय का रे?"

सरळ चाललेलं नव्हतं. डावा पंख हळूहळू खाली कलत होता आणि त्या कलण्यानं विमान डोंगराकडं ओढलं जात होतं. बाईंना तेवढं दिसत नव्हतं. त्यांचा चेहरा त्या क्षणी इतका उजळला होता, की 'व्हय बाई' हे दोन शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले होते. वाटत होतं, वळंल आपोआप.

"न्हाई, बाई," मी म्हणालो. "डावा पंख पडालाय. तुमचं चुकालंय."

झाडीकडं वळलेल्या त्या चेहऱ्यावर हसू आलं, असं मोकळं की चार महिन्यांत मी ते बघितलं नव्हतं. त्यांचा अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा उजवीकडं सरकला. डावा पंख उचलला गेला, विमानानं डोंगराकडं पाठ केली आणि पाण्याच्या बाजूनं सरळ चालू लागलं.

"आता?"

"आता बरोबर हाय."

"बघ," बाई म्हणाल्या. "किती सोपं होतं."